छोटी खोली मोठी आणि उजेडाची कशी वाटेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं, १० बाय १६ ची खोली, त्यातच मोरी, त्यातच ओटा, आणि माणसं सात. आता डोंबिवलीत वन आरके मधे राहते. नात्यातले, शेजारचे, मैत्रिणी, ज्यांनी ज्यांनी खोली लावायला बोलावलं तिकडे मी गेलेय, आणि सगळीकडे प्रश्न जवळपास तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते. माझं म्हणणं तसं एकच आहे, खोली मोठी वाटायला दोन गोष्टी लागतात, जमीन दिसली पाहिजे आणि उजेडाची वाट मोकळी पाहिजे. बाकी सगळं त्याच्या नंतर.

सुरुवात कुठून करू? बजेट फार नाहीये.

पैसे काढूच नका आधी. सकाळी दहाच्या सुमारास सगळे दिवे बंद करा, खिडकी उघडा, आणि खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसा. हो, जमिनीवरच, खुर्चीवर नाही. आता बघा खिडकीतून आभाळ दिसतंय का, किती दिसतंय, आणि मधे काय काय येतंय. कपाटाची कड येते, दोरीवरचे कपडे येतात, फ्रीजवर ठेवलेले डबे येतात. जे जे मधे येतंय ते ते तुमचा उजेड खातंय. मग तिथेच बसून जमीन बघा, सलग लादी किती दिसते. माझ्या मावशीच्या खोलीत आम्ही हे केलं तर दारापासून खिडकीपर्यंत सलग दीड हात लादीसुद्धा दिसत नव्हती, आणि ती बिचारी म्हणत होती खोलीच लहान आहे काय करणार. खोली लहान होतीच, पण जेवढी होती तेवढीही दिसत नव्हती ना.

खिडकी मोठी आहे तरी अंधार का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि याचं उत्तर जरा लांब आहे.

आधी खिडकी खरंच मोठी आहे का ते बघा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत दमट आणि उष्ण हवेसाठी ढोबळ माप दिलंय, खिडक्यांची मोकळी जागा जमिनीच्या निदान एक षष्ठांश हवी. म्हणजे १० बाय १२ ची खोली असेल तर १२० चौरस फूट, त्याला २० चौरस फूट खिडकी, म्हणजे ४ बाय ५. तेवढी असूनही अंधार असेल तर दोष खिडकीचा नाही, आपण तिचं काय केलंय त्याचा आहे.

आमच्या घरी तेच होतं. लोखंडी कपाट साडेसहा फुटी, खिडकीला अगदी लागून, त्याच भिंतीला. खिडकी झाकलेली नव्हती म्हणून कोणाला वाटलंच नाही की कपाट आड येतंय. पण ते दीड-पावणेदोन फूट पुढे यायचं आणि एका बाजूचा सगळा तिरपा उजेड तिथेच अडायचा, मोरीच्या बाजूला दिवसासुद्धा ट्यूब लागायची. मी नववीत असताना काहीतरी कारणाने कपाट दाराच्या बाजूला सरकवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीच्या कठड्यावर उन्हाचा कवडसा पडला, हाताच्या पंजाएवढा. आजी तो कवडसा बघायला उठून आली होती. इतकी वर्षं तिथे ऊन येऊ शकत होतं आणि आम्ही येऊ देत नव्हतो! तेव्हापासून मी कुठल्याही घरात गेले की आधी खिडकीच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन फूट मोकळे करते. उंच सामान खिडकीच्या भिंतीला लावायचं नाही, हा नियम मी कधी मोडत नाही.

दुसरं, ग्रील. बॉक्स ग्रील म्हणजे आपल्याकडे गोदाम असतं, त्यात पाण्याचा ड्रम, कुंड्या, मोडकी बादली, कांद्याची टोपली, गेल्या वर्षीचा आकाशकंदील. तिथलं सामान काढलं की किती फरक पडतो ते स्वतः बघितल्याशिवाय पटत नाही. कुंड्या ठेवायच्याच असतील तर तुळस वगैरे खालच्या बाजूला ठेवा, मनीप्लांट ग्रीलवर चढवू नका, उजेड वरच्या अर्ध्या भागातूनच आतपर्यंत पोचतो.

तिसरं, काच आणि डासांची जाळी. हायवेजवळ किंवा बांधकाम चालू असेल तिथे जाळीवर महिन्याभरात धुळीचा थर बसतो, जाळी मुळात उजेड खातेच, त्यात धूळ म्हणजे पडदाच झाला. जाळी सरकणारी किंवा चिकटपट्टीवाली घ्या म्हणजे काढून साबणाने धुता येते, ठोकून बसवलेली कोण धुतंय.

रंग कुठला द्यायचा? पांढराच द्यावा लागतो का?

छत पांढरं, यात चर्चा नाही. खिडकीतून आलेला उजेड लादीवर पडतो, तिथून वर छताला लागतो आणि मग खोलीभर पसरतो, त्यामुळे छत कळकट असेल तर भिंतींना कितीही भारी रंग द्या उपयोग नाही. स्वयंपाक त्याच खोलीत होत असेल तर फोडणीच्या धुराने छत पिवळं पडतं आणि रोज बघत असल्यामुळे लक्षातच येत नाही. फक्त छताला दोन हात मारले तरी खोली उजळते, आणि ते स्वस्तातलं काम आहे.

भिंतींना पांढरा शुभ्रच हवा असं नाही. शुभ्र पांढरा आलेल्या उजेडापैकी साधारण ८० टक्के परत फेकतो, फिकट क्रीम किंवा हस्तिदंती ७० च्या आसपास, आणि मरून किंवा गडद चॉकलेटी जेमतेम १० टक्के. म्हणजे शुभ्र आणि क्रीममधे फार फरक नाही, खरी गडबड मधल्या रंगांनी होते, मेंदी, गडद पीच, तो निळा वगैरे, जे शेडकार्डवर इवलुशा चौकोनात गोड दिसतात आणि चार भिंतींवर आले की अंगावर येतात. उत्तरेची खोली असेल तर तिथे थेट ऊन कमी आणि उजेड थंड असतो, तिकडे क्रीमकडे झुकणारा घ्या. पश्चिमेची असेल तर संध्याकाळचं पिवळं ऊन असतंच, तिथे जरासा करडेपणा असलेला पांढरा छान दिसतो.

आणि चाळीतल्यांसाठी खास. खाली चार फूट हिरवा नाहीतर निळा ऑइलपेंट आणि वर पांढरा, मधे रेघ, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, भिंती पुसता याव्यात म्हणून, पाठ टेकून बसल्यावर तेलाचे डाग पडतात म्हणून. कारण बरोबर आहे. पण ती रेघ भिंतीचे दोन तुकडे करते आणि दहा-अकरा फूट उंचीची खोली बुटकी दिसते. आता धुता येणारं इमल्शन मिळतं, खालपासून वरपर्यंत एकच फिकट रंग द्या. आमच्या काकांकडे आम्ही हे केलं तेव्हा बघायला आलेले शेजारी विचारत होते छत वर घेतलं का म्हणून.

रंग किती लागेल आणि कधी काढायचा?

१० बाय १२ ची खोली, १० फूट उंची धरली तर भिंती ४४० आणि छत १२०, दार-खिडकी वजा करून साधारण ५२० चौरस फूट. एका लिटरमधे दोन हात धरून १२० ते १४० चौरस फूट होतं, म्हणजे चार लिटर पुरतात, पुट्टी आणि प्रायमर वेगळं. नक्की आकडा डब्यावर लिहिलेला असतो तो बघा, रंगारी दादा सांगतील तेवढे डबे डोळे मिटून आणू नका.

वेळेचं म्हणाल तर गणपतीच्या आधी घाईघाईत रंग काढू नका, कळकळीने सांगते. श्रावणात भिंतीत पाणी असतं. पावसाळा संपून भिंतींना तीन-चार आठवडे वारं-ऊन लागू द्या. शंका असेल तर दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा आणि एक दिवस तसाच ठेवा, आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. आधी बाहेरची चीर, गच्ची, वरच्या मजल्यावरच्या मोरीचा पाइप, जे गळतंय ते बंद करा. मी स्वतः एकदा ओल झाकायला फोमवाला वॉलपेपर चिकटवला होता, कोणीतरी सांगितलं म्हणून, पुढच्या जुलैत मागून काळी बुरशी आली आणि मुलाला सर्दी-खोकला महिनाभर सोडेना. ओल झाकायची नसते, काढायची असते.

एका भिंतीला गडद रंग दिला तर खोली खोल वाटते म्हणतात, खरं का?

मोठ्या खोलीत खरं असेल. आपल्या १० बाय १० मधे तीच भिंत पुढे आल्यासारखी वाटते, त्यातून ती खिडकीसमोरची असेल तर सगळा उजेड तिथेच मुरतो. हौस असेल तर खिडकी ज्या भिंतीत आहे तिलाच द्या, तिच्यावर तसाही उजेड कमी पडतो, नुकसान कमी.

आरसा लावल्याने खोली खरंच दुप्पट दिसते का?

दिसते, पण आरशात काय दिसतंय त्यावर आहे. आरशात आभाळ दिसलं तर एक खिडकी वाढली, आणि आरशात मांडणी, गॅस सिलिंडर, चपलांचा ढीग दिसला तर पसारा दुप्पट झाला. लावण्याआधी घरातलाच आरसा कोणालातरी हातात धरायला सांगा आणि खोलीच्या तीन-चार जागांवरून बघा.

मला स्वतःला खिडकीच्या बाजूची भिंत आवडते, म्हणजे खिडकी आणि आरसा काटकोनात. अगदी समोर लावला तर दुपारी तिरीप डोळ्यात येते, टीव्ही बघता येत नाही, मुलं वैतागतात. निदान २ बाय ४ फुटाचा उभा घ्या, जमिनीपासून थोडाच वर, म्हणजे त्यात लादी पुढे गेलेली दिसते. छोटे छोटे आठ आरसे चिकटवून काही होत नाही. आणि घरातल्या मोठ्यांना झोपताना समोर आरसा नको असेल तर त्यांचं ऐका, कपाटाच्या दाराला किंवा पलंगावरून दिसणार नाही अशा भिंतीला लावा, अशी एक तरी जागा खोलीत निघतेच.

रात्री खोली कोंदट वाटते, मोठा बल्ब लावू का?

मोठा नको, जास्त ठिकाणी हवा. आपल्या घरात एक ट्यूब, ती पण दाराच्या वर, आणि सगळे आपल्याच सावलीत काम करतात. कोपऱ्यात अंधार राहिला की डोळ्यांना खोली तिथेच संपली असं वाटतं. तोच उजेड दोन-तीन जागी वाटून दिला की कोपरे परत मिळतात. ओट्यावर फळीच्या खाली एक पट्टी, अभ्यासाच्या जागी एक दिवा, आणि कपाट छतापर्यंत नसेल तर त्याच्यावरून छताकडे तोंड करून एक, म्हणजे छत उजळतं आणि उंची जाणवते.

घेताना खोक्यावर वॅट नाही, ल्युमेन बघा, म्हणजे दिवा उजेड किती देतो त्याचं माप. २० वॅटची चांगली एलईडी ट्यूब साधारण २००० ल्युमेन देते, १२० चौरस फुटाला वावरायला तेवढी पुरते, अभ्यासाला आणि शिवणकामाला वेगळा दिवा हवाच. रंगाचा आकडा केल्विनमधे असतो, ६५०० म्हणजे निळसर पांढरा दवाखान्यासारखा, ३००० म्हणजे पिवळसर, मधला ४००० मला घरासाठी सगळ्यात बरा वाटतो, त्यात भाजी पण नीट दिसते आणि माणसाचा चेहरा पण.

अजून एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही. दिवा पंख्याच्या पात्यापेक्षा वर असेल तर पातं फिरताना उजेड कापतं, भिंतीवर सावल्या लपलपतात, आणि डोकं का दुखतंय ते कळत नाही. माझ्या वहिनीने यासाठी चष्म्याचा नंबर दोनदा तपासून घेतला. आम्ही ट्यूब भिंतीवर दीड फूट खाली घेतली, पात्याच्या पातळीच्या खाली, आणि दुखणं गेलं.

सामान कमी होऊच शकत नाही, मग काय करू?

खरंय, चार माणसांच्या संसाराला सामान लागतंच, आणि सगळं टाकून द्या म्हणणाऱ्यांना वर्षाचं धान्य, पाहुण्यांच्या गाद्या आणि गणपतीचं मखर ठेवायचं कुठे हे माहीत नसतं. सामान तेवढंच ठेवून जमीन कशी दाखवायची एवढाच प्रश्न आहे.

भिंत वापरा, आणि वरची वापरा. दाराच्या चौकटीच्या उंचीवर खोलीभर एक सलग फळी मारली, एक फूट रुंद, की डबे, बॅगा, पुस्तकं सगळं तिथे जातं आणि नजरेच्या आड येत नाही. खिडकीची भिंत मात्र सोडा. कपाट छतापर्यंत करून घ्या, साडेसहा फुटी कपाटावर रचलेल्या बॅगांइतकं खोलीला बुटकं करणारं दुसरं काही नाही. दिवाण घ्यायचा तर आतून पूर्ण पोकळ घ्या, नाहीतर सरळ पायांचा घ्या ज्याच्याखाली लादी दिसते. ते अर्धं खण आणि अर्धं मोकळं, खाली चपला आणि धूळ, ते नको. जेवणाचं टेबल घडीचं, भिंतीला लागणारं, किंवा आपलं पूर्वापार पाट मांडून बसणं, खोलीसाठी त्याच्याइतकी सोयीची पद्धत अजून निघालेली नाही, जेवण झालं की जागा परत.

मांडणीबद्दल वाईट वाटतं लिहायला कारण आईची चकचकीत घासलेली स्टीलची मांडणी म्हणजे घराचा मान होता. ती काढू नका, जागा बदला, खिडकीचा उजेड जिच्यावर पडेल अशा समोरच्या भिंतीला लावा. आमच्याकडे ताटांवरून उलटलेला उजेड ओट्यापर्यंत यायचा.

पोटमाळा काढावा का? आणि फॉल्स सीलिंग?

खोली ११-१२ फूट उंच असेल तर पोटमाळ्यासारखं सुख नाही, पण अर्ध्याच खोलीत, खिडकीपासून लांबच्या बाजूला, आणि मालकाची, सोसायटीची, पालिकेची जी काय परवानगी लागते ती घेऊन, आणि जुन्या भिंतींना वजन झेपतंय का हे इंजिनिअरला दाखवून. माळ्याची खालची बाजू पांढरी रंगवा, ती विसरतात सगळे.

फॉल्स सीलिंग नको. साडेनऊ फुटातले सहा इंच गेले की काय उरलं, पंखा खाली येतो तो वेगळाच, पातं जमिनीपासून निदान ७ फूट वर असावं, ८ असेल तर बरं.

पडदे काढले तर उजेड येतो पण समोरच्यांचं सगळं दिसतं.

चाळीत तर गॅलरीतून येणारा जाणारा खिडकीतच डोकावतो, माहीत आहे मला. अर्धा पडदा लावा, खिडकीच्या फक्त खालच्या अर्ध्या भागाला, माणसाच्या नजरेच्या उंचीपर्यंत. वरून उजेड येतो, खाली आब राहतो. किंवा खालच्या तावदानांना दुधी फिल्म चिकटवा, मीटरवर मिळते, साबणाच्या पाण्याने घरीच लागते.

पूर्ण पडदा हवा असेल तर दांडी खिडकीच्या चौकटीला नाही, छताजवळ आणि दोन्ही बाजूंना सात-आठ इंच जास्त, म्हणजे दिवसा पडदा भिंतीवर जमतो, काचेवर नाही. कापड मलमल किंवा जुनी कॉटनची साडी. आजीच्या फिकट पिवळ्या नऊवारीचे दोन पडदे झाले होते आमच्याकडे, सकाळी त्यातून उजेड यायचा तो आठवला तरी बरं वाटतं.

भाड्याची खोली आहे, खिळासुद्धा मारू देत नाहीत.

११ महिन्यांच्या करारावर रंग काढायला सांगणार तरी कसं. पण खिडकी धुणं, ग्रील रिकामं करणं, कपाट हलवणं, ट्यूब बदलणं याला कोणाची परवानगी लागत नाही, आणि अर्धं काम तिथेच होतं. आरसा भिंतीला टेकवून ठेवा, खाली रबर लावून म्हणजे सरकणार नाही, लहान मूल असेल तर मात्र टेकवू नका. चादरी साध्या फिकट, मोठी फुलं नकोत. जाताना ट्यूब काढून घेऊन जाता येते.

लादी बदलावी का?

फक्त त्यासाठी नको. बदलायचीच असेल तर २ बाय २ ची फिकट, सांधे त्याच रंगाचे, आणि दोन्ही खोल्यांत एकच. घरात म्हातारं माणूस असेल तर गुळगुळीत चकचकीत घेऊ नका. उंबरा ठेवायचा असेल तर लादीच्याच रंगाचा ठेवा, हळदी-कुंकवाला जागा राहते आणि नजर अडकत नाही.

पावसाळ्यात घरातच कपडे वाळत घालावे लागतात, तेव्हा काय?

दोरी आडवी बांधली की खोलीचे दोन तुकडे झाले. छताला टांगायचं, दोरीने खालीवर होणारं स्टँड मिळतं ते लावा, पण खिडकीच्या भिंतीला समांतर आणि खिडकीपासून लांब, पंख्याचं वारं लागेल पण पातं लागणार नाही असं. मोरीचा एक्झॉस्ट चालू ठेवा, दमट हवा बाहेर गेली की भिंतीही वाचतात.

खोलीला खिडकीच नाहीये, मग?

शहरात मधली खोली असेल तर दाराच्या वरची झडप उघडा, कित्येक घरांत ती पुठ्ठा लावून बंद केलेली असते. दोन खोल्यांमधल्या भिंतीत वरच्या बाजूला दुधी काचेची पट्टी घालता येते का ते विचारा, दाराची लाकडी फळी काढून काच बसवणं तर अगदीच सोपं.

गावाकडे आपल्या लोकांनी हे कधीच सोडवलंय. कोकणात कौलांमधे एक-दोन काचेची कौलं घालतात, माजघरातल्या अंधारात वरून उन्हाचा खांब उतरतो आणि त्यात चुलीचा धूर फिरताना दिसतो. देशावर माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांना छतात झरोका असतो. गोव्यात जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेले असायचे, उजेड आत, ऊन बाहेर. पत्र्याची खोली असेल तर एका पत्र्याच्या जागी पारदर्शक शीट घाला, उत्तरेच्या उताराला, नाहीतर एप्रिल-मे मधे भाजून निघाल, आणि स्क्रूखाली रबरी वॉशर नीट बसवून घ्या नाहीतर पहिल्या पावसात गळणार.

मधली भिंत पाडून टाकली तर?

जुन्या इमारतीत भिंतच वरचं वजन पेलत असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय आणि परवानगीशिवाय हातोडा लावू नका. तुमच्या खाली-वर माणसं राहतात.

सासूबाई / आई काहीच हलवू देत नाहीत, कसं समजवायचं?

समजवू नका, त्यांच्याबरोबर बसा. त्या हंड्याकळश्या, ती पितळी परात, तो ट्रंक, त्यांनी एका पगारात घेतलेल्या असतात, त्याला अडगळ म्हटलं की माणूस दुखावतं आणि बरोबरच आहे. मी आईला म्हटलं होतं यातलं तुला सगळ्यात आवडतं काय ते सांग, तिने तांब्याची कळशी उचलली. ती घासून खिडकीजवळ ठेवली, जिथे सकाळचं ऊन येतं, बाकीचं गोणीत बांधून वरच्या फळीवर गेलं, टाकलं काहीच नाही. एकेका आठवड्याला एकच कोपरा घ्या. पहिला कोपरा त्यांच्या बसायच्या जागेसमोरचा घ्या, म्हणजे फरक आधी त्यांना दिसतो, दुसरा कोपरा कुठला घ्यायचा ते मग त्याच सांगतात.